वैद्यांची सभा आणि रोग्याचे हित

आज १ जुलै. डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा जन्म १८८२ साली या दिवशी झाला आणि ऐंशी वर्षांनी, १९६२ साली, याच दिवशी त्यांनी देह ठेवला. त्यांच्या स्मरणार्थ १९९१ सालापासून हा दिवस आपल्या देशात ‘डॉक्टर दिन’ म्हणून पाळला जातो. आज गावोगावच्या डॉक्टरांकडे पुष्पगुच्छ जातील, सत्कारसमारंभ होतील, वैद्याला देवाच्या जागी मानणारी जुनी वचने व्यासपीठांवरून उच्चारली जातील. या उत्सवात एका गोष्टीचा मात्र विसर पडेल. रॉय हे रोगनिदानात निष्णात होते आणि पुढे पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री झाले, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु १९२८ साली कलकत्त्यास भरलेल्या वैद्यकीय परिषदेत ज्या मंडळींनी देशातील डॉक्टरांची एक संघटना उभी केली, त्यांतही ते होते. तीच संघटना १९३० सालापासून ‘इंडियन मेडिकल असोसिएशन’ या नावाने ओळखली जाते. ज्या पुरुषाच्या नावे आपण आज फुले वाहतो, त्याला आपल्या व्यवसायबंधूंची सभा असणे ही रोग्याच्या सेवेइतकीच निकडीची गोष्ट वाटली होती.

ती निकड आजच्या तरुण डॉक्टरांस वाटते काय? सरकारने २०२४ साली संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे देशात नोंदणी झालेले अ‍ॅलोपथीचे डॉक्टर तेरा लाख शह्याऐंशी हजारांवर आहेत. असोसिएशनचे सभासद साडेतीन ते चार लाखांच्या घरात असल्याचे सांगितले जाते. म्हणजे देशातील सर्वांत मोठ्या वैद्यकीय संस्थेच्या बाहेर दोन तृतीयांशांहून अधिक डॉक्टर आहेत. यांतील काही केवळ आपल्या विशेष शाखेच्या संस्थेत असतील, काही परदेशी असतील. पण कोठेच नसणाऱ्यांची संख्याही लहान नसणार. ‘सभासद होऊन मला काय मिळणार?’ हा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे.

आमचे बहुसंख्य वाचक डॉक्टर नव्हेत. डॉक्टरांनी आपल्या सभेत जावे की न जावे, याची उठाठेव आम्ही त्यांच्यापुढे का मांडावी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, या प्रश्नाचा पहिला परिणाम डॉक्टरावर होतो, पण शेवटचा परिणाम रोग्यावर होतो. आपण ज्याच्यासमोर जीभ बाहेर काढून बसतो, तो मनुष्य आपल्या ज्ञानात एकटा आहे की त्याच्या चुका दाखविणारे कोणी त्याच्या भोवती आहेत, हे जाणण्याचा आपणांस हक्क आहे.

प्रथम एक घोटाळा दूर करू. डॉक्टरांची ‘कौन्सिल’ आणि डॉक्टरांचा ‘संघ’ या भिन्न वस्तू होत. कौन्सिल ही कायद्याने निर्माण केलेली असते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल राज्याच्या १९६५ सालच्या कायद्याखाली चालते. केंद्रात जुन्या मेडिकल कौन्सिलच्या जागी २०२० सालच्या सप्टेंबरात राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. कौन्सिलच्या नोंदवहीत नाव असल्यावाचून कोणास वैद्यकी करता येत नाही. तेथे निवडीला वाव नाही. संघात जाणे मात्र ज्याच्या त्याच्या इच्छेवर असते. कौन्सिल परवाना देते आणि काढून घेते. तिचा संबंध येतो तो प्रारंभी आणि अपराध घडल्यावर. या दोहोंच्या मध्ये वैद्यकीचे जे तीस-चाळीस वर्षांचे आयुष्य जाते, त्यात डॉक्टरास सोबत कोणाची? संघाचे स्थान आहे ते येथे.

मुंबईस ही गोष्ट फार पूर्वी उमगली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली पहिले पदवीधर बाहेर पडले, डॉ. भाऊ दाजी लाड त्यांत होते. पुढे एका पिढीच्या अवधीत, १८८३ साली, शहरातील डॉक्टरांनी ‘बॉम्बे मेडिकल युनियन’ स्थापन केली. त्या काळी मोठ्या रुग्णालयांतील आणि महाविद्यालयांतील वरच्या जागा बहुतांशी इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असत. एकट्या डॉक्टराने अर्ज केला तर तो टोपलीत जाई. पुष्कळांनी मिळून वर्षानुवर्षे तगादा लावला, तेव्हा लोकमत तयार झाले. आणि १९२६ साली मुंबई महापालिकेचे के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले, ते भारतीय डॉक्टरांच्याच हाती राहील अशा अटीने. आज त्या रुग्णालयाच्या दारातून गोरगरिबांची जी रांग आत जाते, तिला या इतिहासाची कल्पना नसेल. पण त्या दाराचा पाया अंशतः डॉक्टरांच्या एकजुटीत आहे.

परंतु जुन्या पुण्याईवर कोणी आज वर्गणी भरणार नाही. आजचा लाभ कोणता ते पाहू.

पहिला लाभ ज्ञानाचा. आम्ही एके काळी शाळेत शिकवीत होतो. वर्गाचे दार लोटून घेतले की शिक्षक त्या चार भिंतींचा राजा होतो, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. एखाद्या शब्दाचा चुकीचा अर्थ तो वीस वर्षे मुलांच्या वह्यांत उतरवून देईल आणि त्यास कोणी हटकणार नाही. मुले हटकू शकत नाहीत आणि सहकारी वर्गात येत नाहीत. दवाखान्याचे तसेच आहे. पडद्याआड डॉक्टर आणि रोगी दोघेच असतात. रोगी बरा झाला तर श्रेय औषधाला मिळते आणि न झाला तर तो दुसऱ्या डॉक्टराकडे जातो; पहिल्याला आपली चूक कळतच नाही.

हे केवळ तर्काने आम्ही म्हणत नाही. धारावीतील १०० खासगी डॉक्टरांस क्षयरोग्यासाठी औषधयोजना लिहावयास सांगण्यात आली होती. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत शंभर जणांनी ८० निरनिराळ्या योजना लिहून दिल्याचे आढळले. तशीच पाहणी पुन्हा झाली आणि तिचा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला. या वेळी १०६ डॉक्टर होते आणि त्यांच्या योजना ६३ होत्या. योग्य योजना लिहिणारे होते अवघे सहा. क्षयाच्या उपचारात कोणती औषधे, किती मात्रेने आणि किती महिने द्यावयाची, हे ठरलेले असते. त्यात मनास येईल तसा बदल केला तर रोग मरत नाही. तो औषधाला निर्ढावतो आणि मग त्याच घरातील दुसऱ्या माणसाला निर्ढावलेल्या स्वरूपातच होतो. मुंबईत औषधांना दाद न देणारा क्षय का वाढला, याचे एक कारण या आकड्यांत दडलेले आहे.

हे सगळे डॉक्टर अडाणी होते, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. सकाळ-संध्याकाळ ज्याच्या दारात रांग आहे, रविवार ज्याला ठाऊक नाही आणि नव्या औषधाची माहिती ज्याला औषधकंपनीच्या प्रतिनिधीकडूनच मिळते, त्याचे ज्ञान शिळे होणे हे नवल नव्हे. नुसते सभासदपत्र घेतल्याने ते ताजे होईल, असाही आमचा दावा नाही. या पाहण्यांवरून सिद्ध होते ते इतकेच की, योग्य उपचार कोणता हे देशाला ठाऊक होते आणि ते धारावीच्या दवाखान्यापर्यंत पोचले नव्हते. ते पोचविण्यास एक वाट लागते. महिन्यातून एकदा दहा-वीस समव्यवसायी एकत्र बसतात, कोणी एखादा अवघड रोगी वर्णन करतो, दुसरा म्हणतो, ‘हे औषध आता देत नाहीत’. ही वाट ती हीच. महाराष्ट्रात डॉक्टरांस नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० गुण मिळवावे लागतात आणि ते ज्या व्याख्यानांतून मिळतात, त्यांतील पुष्कळशी या संस्थांच्या शाखांच भरवितात.

विशेष शाखांच्या संस्थांनी या बाबतीत अधिक नेटके काम केले आहे. मूल घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे गेलेल्या प्रत्येक आईने लसीकरणाचा तक्ता पाहिलेला असतो. कोणती लस कोणत्या आठवड्यात, याविषयीच्या शिफारशी ‘इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स’ या १९६३ साली स्थापन झालेल्या संस्थेची समिती वेळोवेळी ठरविते. स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थांचा महासंघ १९५० सालचा. खासगी प्रसूतिगृहांसाठी त्याने ‘मान्यता’ नावाचा उपक्रम काढला आणि सोळा कसोट्या घालून दिल्या. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव कसा ओळखावा व थांबवावा, झटके आलेल्या गर्भवतीस तत्काळ काय द्यावे, यांसारख्या या कसोट्या आहेत. परिचारिका त्यांत तयार होतात, तपासणी होते आणि मगच प्रमाणपत्र मिळते. एकट्या डॉक्टराला स्वतःची अशी परीक्षा घेता येत नाही. चार जणांची सभा ती घेऊ शकते.

दुसरा लाभ संरक्षणाचा. त्याविषयी एक हकीकत सांगतो. आमचा एक जुना विद्यार्थी मुंबईच्या एका उपनगरात आठ खाटांचे नर्सिंग होम चालवितो. पुष्कळ वर्षे तो आम्हांस म्हणे, ‘सर, वर्गणी भरायची आणि वर्षातून एकदा जेवायला जायचे, यापलीकडे तिथे आहे काय?’ पुढे पत्नीच्या आग्रहावरून तो स्थानिक शाखेचा सभासद झाला. एका पावसाळ्यात डेंग्यूचा एक रोगी त्याच्याकडे दाखल होता. पहाटे तो दगावला. तासाभरात पन्नास-साठ माणसे जिन्यात जमली. काचा फुटल्या. नोंदणीच्या टेबलावरील मुलगी औषधांच्या खोलीत कडी लावून बसली. त्याने पोलिसांस कळविले आणि शाखेच्या चिटणीसांस कळविले. वीस मिनिटांत शाखेचे तीन डॉक्टर आले. पोलीस त्यानंतर आले. तिघांत एक वयोवृद्ध डॉक्टर होते. त्यांनी त्या वस्तीत चाळीस वर्षे वैद्यकी केलेली. जमावातील निम्म्या माणसांस त्यांनी लहानपणी सुया टोचल्या होत्या. मृताच्या थोरल्या भावाला ते बाजूच्या बाकावर घेऊन बसले, अर्धा तास त्याला बोलू दिले, काय घडले ते सांगितले, सर्व कागदपत्रांच्या नकला तेथल्या तेथे देवविल्या आणि संशय असेल तर शवविच्छेदन अवश्य करून घ्या, असेही सुचविले. जमाव हळूहळू पांगला.

एवढेच घडले असते तर आम्ही त्यास डॉक्टरांनी डॉक्टराची घेतलेली बाजू म्हटले असते. पण पुढच्या महिन्यात शाखेची बैठक झाली आणि तेच कागद टेबलावर मांडले गेले. त्याच वृद्ध डॉक्टरांनी वीस जणांदेखत आमच्या विद्यार्थ्याला सुनावले, ‘रोग्याला आदल्या संध्याकाळीच मोठ्या रुग्णालयात हलवायला हवे होते. तू बारा तास उशीर केलास.’ डेंग्यूचा रोगी कोणती लक्षणे दिसताच हलवावा, याचे एका पानाचे टिपण त्या बैठकीत तयार झाले आणि त्या भागातील नर्सिंग होमांच्या भिंतींवर ते आज लागलेले आहे. ‘त्या रात्री मी भ्यालो होतो, पण त्या बैठकीत मला लाज वाटली,’ असे त्याने आम्हांस सांगितले. आम्ही त्यास विचारले, ‘बैठकीत जे ठरले ते त्या मृताच्या भावाला कोणी सांगितले का?’ तो काही बोलला नाही.

या मौनाकडे आम्ही पुढे वळणारच आहोत. तूर्त एवढे लक्षात घ्यावे की, ज्या संस्थेने त्याला जमावापासून वाचविले, तिनेच त्याला त्याची चूक दाखविली. पहिले काम एखादा भाडोत्री पहारेकरी करू शकला असता. दुसरे काम समव्यवसायी बंधूंवाचून कोणी करू शकत नाही.

डॉक्टरांवरील हल्ले ही आता अपवादाची गोष्ट राहिलेली नाही. महाराष्ट्राने त्यासाठी २०१० साली स्वतंत्र कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आणि मोडतोडीच्या दुप्पट भरपाई अशी तरतूद त्यात आहे. तरी २०१७ सालच्या मार्च महिन्यात धुळ्याच्या रुग्णालयात एका निवासी डॉक्टरास बेदम मारहाण झाली आणि राज्यातील हजारो निवासी डॉक्टर सामुदायिक रजेवर गेले. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कलकत्त्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका शिकाऊ महिला डॉक्टरची अत्याचार करून हत्या झाली, तेव्हा १७ ऑगस्टला असोसिएशनच्या हाकेवरून देशभर, तातडीची सेवा वगळून, चोवीस तास काम थांबले. २० ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले. संप हे उपचाराच्या क्षेत्रात अखेरचेच शस्त्र असले पाहिजे, असे आमचे मत आहे. त्याची झळ ज्याला लागते तो रोगी निरपराध असतो. म्हणून २०२० सालचे उदाहरण आम्हांस अधिक मोलाचे वाटते. साथीच्या काळात डॉक्टरांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा असोसिएशनने २२ एप्रिल रोजी रात्री दिवे लावून निषेध करण्याचे ठरविले. केंद्रीय गृहमंत्र्यांनी बोलणी केली, निषेध मागे घेण्यात आला आणि त्याच दिवशी हल्लेखोरांस कडक शिक्षा ठरविणारा अध्यादेश निघाला. एकाही रोग्याचा उपचार थांबला नाही.

तिसरा लाभ स्वराचा, आणि त्याचे सर्वांत करुण उदाहरण त्याच वर्षीचे आहे. २०२० सालच्या सप्टेंबरात केंद्र सरकारने संसदेत सांगितले की, साथीत मृत्यू पावलेल्या आरोग्यसेवकांची आकडेवारी केंद्राच्या पातळीवर ठेवली जात नाही. असोसिएशनने तत्काळ ३८२ डॉक्टरांची यादी प्रसिद्ध केली. त्यांतील कित्येक आपल्या गल्लीत, आपल्या जुन्या रोग्यांस सोडून न जाता बसलेले खासगी डॉक्टर होते. त्यांना सरकारी हजेरीपट नव्हता आणि वरिष्ठ अधिकारीही नव्हता. पन्नास लाखांच्या सरकारी विम्यात खासगी दवाखान्यातील डॉक्टर बसतो की नाही, यासाठी काहींच्या विधवांस न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. ज्यांची नावे कोणत्याच दप्तरात नव्हती, त्यांची नावे त्यांच्या संस्थेने लिहून ठेवली. वर्गणीच्या मोबदल्यात काय मिळते, असे विचारणाऱ्यांनी ही यादी आठवावी. सभासद मृत्यू पावला असता इतर सभासदांच्या ठरावीक वर्गणीतून त्याच्या कुटुंबास साह्य देणाऱ्या आणि खटल्याच्या प्रसंगी कायद्याची मदत पुरविणाऱ्या योजनाही या संस्थेत आहेत. ज्याला निवृत्तिवेतन नाही, त्याच्या दृष्टीने ही क्षुल्लक बाब नव्हे.

येथवर आम्ही लाभ सांगितले. आता त्या मौनाकडे वळू.

समव्यवसायी एकत्र आले की ते कधी कधी जनहितासाठी एकत्र येतात आणि कधी कधी जनतेपासून स्वतःस वाचविण्यासाठी. वैद्यकीय संस्थांचा इतिहास या दोन्ही प्रकारांनी भरलेला आहे. १९८६ सालचा ग्राहक संरक्षण कायदा डॉक्टरांस लागू होऊ नये म्हणून असोसिएशन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९९५ सालच्या नोव्हेंबरात हरली. मोबदला घेऊन केलेली वैद्यकीय सेवा या कायद्याखाली येते, असा निकाल लागला. ती हरली हे बरे झाले, असे आम्हांस वाटते. दाद मागण्याचा मार्ग मिटला की माणसे दगड उचलतात. शिवाय न्यायालयाने डॉक्टरांवरही अन्याय होऊ दिला नाही. २००५ साली त्याने स्पष्ट केले की, डॉक्टरावर फौजदारी खटला भरावयाचा तर निष्काळजीपणा ढोबळ व गंभीर असला पाहिजे आणि पोलिसांनी आधी निःपक्षपाती वैद्यकीय मत घेतले पाहिजे.

२००८ साली याच असोसिएशनने फळांच्या रसावर आणि ओटच्या खाद्यावर आपले नाव छापू देण्याचा करार एका बड्या कंपनीशी केला. मेडिकल कौन्सिलने त्याबद्दल पदाधिकाऱ्यांना दोषी ठरविले. औषधकंपन्यांकडून भेटी आणि प्रवासखर्च घेण्यास डॉक्टरांस बंदी करणारा नियम २००९ सालचा. त्यातून डॉक्टरांच्या संस्थांना २०१६ साली वगळण्यात आले. जे एकट्याने घेतले तर दोष, ते सर्वांनी मिळून घेतले तर दोष नाही, हा न्याय आमच्या आकलनापलीकडचा आहे. २०२३ सालच्या ऑगस्टात औषधकंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणसभांना आळा घालणारे नवे नियम निघाले आणि त्याच महिन्यात ते स्थगित झाले. औषधविक्रेत्याच्या पैशाने दिलेल्या मेजवानीत औषधाचे निःपक्षपाती ज्ञान कसे मिळणार?

सर्वांत जड आरोप याहून वेगळा आहे. गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध देशातील पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रात झाला. तो व्हावा म्हणून रस्त्यावर उतरल्या त्या स्त्रियांच्या संघटना आणि जागृत नागरिक. कायदा होऊनही २००१ सालच्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुली ९१३ होत्या आणि २०११ साली त्या ८९४ झाल्या. ही यंत्रे आपोआप चाललेली नाहीत. ती पदवीधर हातांनी चालविली. कोणत्या गावात हे कोण करतो, हे त्या गावच्या डॉक्टरांस ठाऊक नव्हते, यावर कोण विश्वास ठेवील? ज्या सभेत डेंग्यूच्या रोग्यास बारा तास उशीर केल्याबद्दल बोलता येते, त्या सभेत यावरही बोलता आले असते.

मग तरुण डॉक्टराने अशा संस्थेत का जावे, असा प्रश्न पुन्हा उभा राहतो. आमचे उत्तर असे की, या दोषांचे मूळ संस्था असण्यात नाही. चांगल्या माणसांनी तिच्या बाहेर राहण्यात आहे. जेथे दोनशे सभासदांपैकी पंधरा जणच बैठकीस येतात, तेथे त्या पंधरांचे हितच संस्थेचे हित ठरते. संस्था नको म्हणून ती नाहीशी होत नाही. ती फक्त वाईट हाती जाते. नगरपालिकेच्या निवडणुकीत मत न देऊन रस्त्यावरील खड्ड्यांबद्दल कुरकुरणाऱ्या नागरिकासारखेच हे आहे.

परंतु संस्थेनेही आपले दार राखले पाहिजे. शाखेच्या तक्रारसमितीवर डॉक्टर नसलेले दोन प्रतिष्ठित नागरिक असावेत. शिक्षणसभांचा खर्च वर्गणीतून भागावा, जेवण साधे असले तरी चालेल, आणि हिशेब दरवर्षी लोकांपुढे ठेवावा. नव्या पदवीधरास पहिली पाच वर्षे वर्गणी नाममात्र असावी; ज्याच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज आहे आणि हाताशी अनुभव नाही, त्यालाच या सभेची गरज अधिक. एकाच चौकडीकडे वर्षानुवर्षे पदे राहू नयेत. आणि बंद दाराआड जे शिकले गेले, ते ज्याच्या मृत्यूमुळे शिकावयास मिळाले, त्याच्या घरच्यांस सांगण्याचे धैर्य संस्थेने दाखवावे. खटल्याचे भय खरे आहे. पण ज्या भावाने त्या पहाटे बाकावर बसून अर्धा तास ऐकून घेतले, तो खरे ऐकण्यासही पात्र होता. त्या वृद्ध डॉक्टरांनी जमाव शांत केला तो चाळीस वर्षे मिळविलेल्या विश्वासाच्या बळावर. तो विश्वास कोणत्याही कायद्याने किंवा पहारेकऱ्याने मिळत नाही, आणि एकदा का लपवाछपवी उघडी पडली की तो परत येत नाही.

ज्याने नुकतीच दारावर पाटी लावली आहे, त्या तरुण डॉक्टरास आमचे सांगणे आहे की, आपल्या शाखेचे सभासद व्हा आणि वर्गणी भरून घरी न बसता बैठकीस जा. आपला चुकलेला रोगी तेथे मांडण्याचे धाडस करा. दुसऱ्याचा चुकला असेल तर गप्प बसू नका. आणि वाचकांस आम्ही सुचवितो की, आज डॉक्टरांकडे फुले घेऊन जाणार असाल तर अवश्य जा. जाताना एक प्रश्नही बरोबर न्या. ‘डॉक्टर, आपण आपल्या सभेच्या बैठकीस शेवटचे केव्हा गेला होता?’ हा प्रश्न विचारण्यात त्यांचा अवमान नाही. चांगल्या डॉक्टरास तो आवडेल.